दुर्गम आघाडीवर रसद कशी पोचते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, भिवंडी, तळोजे, कळंबोली, वाशी इथून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत ट्रान्सपोर्टवाले आहेत, गोदामवाले आहेत, एमआयडीसीतले पुरवठादार आणि एनसीसीची मुलं आहेत. दिवाळी जवळ आली की मंडळं आणि सोसायट्याही विचारू लागतात. उत्तरं मुख्यतः लडाख-सियाचीन डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. जिथं ‘धरू’ म्हटलंय तिथली आकडेमोड समजुतीपुरती आहे, ते लष्कराचं अधिकृत प्रमाण नाही.

१. रसद म्हणजे धान्यच ना? की आणखी काही?

धान्य हा तिचा एक भाग. शिधा, इंधन, दारूगोळा, थंडीचे कपडे, औषधं, गाड्यांचे सुटे भाग, बॅटऱ्या, बंकरसाठी पत्रे आणि लाकूड, शिवाय टपाल, हे सगळं रसदीतच येतं. शांततेच्या काळात वजनात इंधन आणि शिधा पुढे असतात. लढाई पेटली की दारूगोळा त्यांना मागे टाकतो. कारगिलच्या लढाईत १९९९ साली आपल्या तोफखान्यानं सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. बोफोर्सचा १५५ मिमीचा एक गोळा साधारण ४३ किलोचा. म्हणजे हजार गोळे ४३ टन, आणि त्यात गोळा फेकणारी दारू, फ्यूज (गोळ्याचा स्फोट घडवणारी कळ) आणि खोकी धरलेली नाहीत. ट्रक भरताना फ्यूज आणि गोळे एकत्र ठेवत नाहीत, त्यामुळे गाड्यांची संख्या वजनाच्या हिशेबापेक्षा जास्तच लागते.

२. पैसा आहे, ट्रक आहेत, रस्तेही झाले. मग अडतं कुठं?

नरसाळ्याच्या तोंडाशी. मालगाडी एका फेरीत अडीच-तीन हजार टन नेते. घाटात ट्रकवर सहा-सात टनच भरतात. खेचराच्या पाठीवर ७० किलो, माणसाच्या पाठीवर २० किलो. अगदी उंच चौक्यांवर चीता हेलिकॉप्टर एका फेरीत कधी ५० किलो नेतं, तर कधी २५ किलोवरच थांबावं लागतं. मागून कितीही माल लोटा, पुढे तेवढाच जाणार जेवढा सगळ्यात अरुंद टप्प्यातून निघेल.

भिवंडीच्या गोदामात पॅकिंग करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. ५० किलोची गोणी हमालाला आणि ट्रकला सोयीची, पण चौकीखालच्या शेवटच्या चढाला ती फोडावीच लागते. वाऱ्यात, जाड हातमोजे घालून, उघड्यावर ती फोडली की तांदूळ बर्फात सांडतो, उरलेला ओला होतो. म्हणून खोकं मुळातच असं हवं की एका माणसाला पाठीवर घेता येईल: वीस किलोच्या आत, आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर पट्टी, आणि आत काय आहे ते चारही बाजूंना ठळक लिहिलेलं. एकाच बाजूला लेबल लावलेलं खोकं थप्पीत नेमकं भिंतीकडे तोंड करून बसतं, हा अनुभव तुर्भ्याच्या गोदामातही येतो.

३. वाटेत वाहणाराच किती खातो?

नकाशावर अंतर दिसतं, वाहणाऱ्याचं पोट दिसत नाही.

माणूस २० किलो घेऊन निघाला आणि त्याच्या शिध्याला व चुलीच्या रॉकेलला मिळून रोज एक किलो धरू. पाच दिवस वर, पाच दिवस खाली: दहा किलो त्याचेच, चौकीवर पोचले दहा. दहा दिवसांची वाट असेल तर तो हात हलवत पोचेल. खेचराचं गणित याहून वाईट. जिथं गवत नाही तिथं त्याला दाणा-चारा मिळून रोज ८ किलो धरू. चार दिवस वर आणि चार खाली म्हणजे ६४ किलो त्याच्याच पोटात, वर उरले ६ किलो. त्यात खेचरवाल्याची भाकरी अजून धरलेलीच नाही.

वाटेत कोठार केलं तर सुटेल, असं पुष्कळ जण सुचवतात. कोठारानं विश्रांती मिळते, हवामान बिघडलं तर आसरा मिळतो, पण खाणं कमी होत नाही. कमी होतं ते फक्त एका गोष्टीनं: ट्रकचा रस्ता आणखी पुढे नेल्यानं. ट्रक स्वतःच्या भाराच्या मानानं फार थोडं खातो. मनाली ते लेह सुमारे ४३० किमी. भरलेला ट्रक लिटरला तीन किमी देतो असं धरलं तर जाऊन-येऊन २९० लिटर. बारा हजार लिटरच्या टँकरला हे अडीच टक्केसुद्धा नाही.

४. एका तुकडीला हिवाळ्यासाठी किती माल लागतो?

शंभर जवान, १८० दिवस धरू. वेष्टनासकट शिधा रोज माणशी २ किलो, रॉकेल माणशी दीड लिटर.

शिधा ३६ टन. रॉकेल २७,००० लिटर, म्हणजे साडेएकवीस टनांच्या आसपास. ते वीस लिटरच्या १,३५० जेरीकॅनमध्ये जाणार आणि रिकामा लोखंडी कॅन चार किलोचा, म्हणजे आणखी ५ टन ४०० किलो. एकूण ६३ टन.

हे ६३ टन म्हणजे सात टनी ९ ट्रक. किंवा ९०० खेचरांचा भार. किंवा माणसांच्या ३,१५० फेऱ्या. किंवा पन्नास किलोच्या हिशेबानं हेलिकॉप्टरची १,२६० उड्डाणं. दारूगोळा, कपडे, बॅटऱ्या यातलं काहीच अजून धरलेलं नाही. रस्ता नऊ ट्रकांत काम भागवतो, आणि तो जिथं संपतो तिथून खर्च कसा वाढत जातो ते या चार आकड्यांत दिसतं.

५. सगळा साठा हिवाळ्याआधीच का भरतात? लागेल तसा पाठवला तर?

लडाखला जायचे जुने रस्ते दोन (नावांतला ‘ला’ म्हणजे खिंड): श्रीनगरकडून झोजी ला ओलांडून (११,५७५ फूट) आणि मनालीकडून बारालाचा ला (सुमारे १६,००० फूट) व तंगलंग ला (सुमारे १७,५०० फूट) ओलांडून. ढोबळमानानं मे ते नोव्हेंबर एवढाच भरवशाचा काळ. त्यातही पावसाळ्यात दरडी असतात. या मुदतीत पुढच्या हिवाळ्याचा माल वर चढवणं याला लष्करात ‘ॲडव्हान्स विंटर स्टॉकिंग’ म्हणतात. कोकणात पावसाळ्याआधी सरपण, सुकी मासळी भरून ठेवतात तोच प्रकार. फरक एवढाच की इथं जुलैत उठून बाजार गाठता येत नाही.

बोगद्यांनी चित्र बदलतं आहे. रोहतांगखालचा ९.०२ किमीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला, त्यानं मनाली-लेह अंतर ४६ किमीनं कमी केलं. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये खुला झाला. चिनाबवरचा पूल जून २०२५ मध्ये सुरू झाल्यावर काश्मीर खोरं देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडलं गेलं. झोजी लाखालच्या बोगद्याचं काम सुरू आहे. पण अटल बोगदा बारमाही असला म्हणून मनाली-लेह बारमाही झाला असं समजू नका, बारालाचा ला पुढेच आहे.

६. एवढी मोठी विमानं आहेत, मग ट्रक कशाला?

सी-१७ एका फेरीत सत्तर टनांपर्यंत नेऊ शकतं. चंदीगडहून लेहला तासाभरात. तरीही कणा ट्रकचाच, कारण विमानाला हवा लागते आणि वर ती विरळ. लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांवर आहे. दुपारी ऊन वाढलं की हवा आणखी विरळ होते, वारा सुटतो, उचल घटते. म्हणून तिथली उड्डाणं सकाळी उरकतात. सकाळी ढग राहिले तर तो दिवस गेला.

लडाखच्या उत्तर टोकाच्या दौलत बेग ओल्डीला १६,६१४ फुटांवर ऑगस्ट २०१३ मध्ये सी-१३० जे उतरलं. ती मोठी गोष्ट होती, पण एवढ्या उंचीवर विमान पूर्ण भार घेऊन उतरत नाही आणि उडत तर नाहीच. विमान घाईचं, नाजूक आणि मोलाचं नेतं: औषधं, सुटे भाग, माणसं, जखमी. पीठ आणि रॉकेल ट्रकनं.

७. वरून पॅराशूटनं टाकलं तर उतरायची कटकटच नको ना?

१९६२ च्या चीन युद्धात नेफामध्ये (आजचा अरुणाचल प्रदेश) नामका चू नदीच्या भागातल्या सैन्याला त्सांगधर इथं असंच टाकत होते. अरुंद कड्यावरची जागा, भोवती दऱ्या. बराच माल दरीत गेला, आणि जो पडला तो गोळा करायला माणसं कमी. टाकलेला माल म्हणजे मिळालेला माल नव्हे, हे तिथं महागात पडलं.

बर्फात आणखी अडचणी. मऊ बर्फात बोजा खोल रुततो, ताज्या बर्फवृष्टीखाली तासाभरात दिसेनासा होतो. वाऱ्यानं दोनशे मीटर भरकटला आणि मधे हिमभेग असेल तर तो बोजा गेलाच. म्हणून बोज्यांना रंगीत लांब फीत बांधतात आणि ‘किती टाकले’ व ‘किती हाती आले’ अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवतात. दुसरी नोंदच खरी.

८. आमची गाडी कळंबोलीहून लेहला भाड्यानं जाणार आहे. काय बदलावं लागेल?

हा आम्हाला सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

डिझेल: कळंबोलीत भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं दाटतं. टाकी भरलेली असते, पण फिल्टर चोंदतो आणि इंजिन बंद. इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. ते भरण्याआधी टाकी शक्य तेवढी रिकामी होऊ द्या. अर्धी टाकी जुनी आणि अर्धी नवी म्हणजे ना धड हे, ना धड ते. आणि टाकीखाली जाळ करून डिझेल ‘मोकळं’ करू नका. करणारे आहेत, म्हणून लिहावं लागतं.

कूलंट: आपल्याकडे उन्हाळ्यात नुसतं पाणी टाकून चालवतात. तिथं एका रात्रीत पाणी गोठून ब्लॉक तडकतो. ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं ठेवा. नुसतं ग्लायकॉल त्यापेक्षा चांगलं असेल असं वाटतं, पण तसं नाही.

बॅटरी: उणे २० ला ताकद निम्म्यावर येते. पूर्ण चार्ज बॅटरी सहसा गोठत नाही, उतरलेली लवकर गोठते आणि फुटते.

एअर ब्रेक: टाकीत साचलेलं पाणी गोठलं की झडप अडकते. रोज संध्याकाळी, इंजिन गरम असतानाच, टाकीचा नळ सोडून पाणी काढा. मुंबईच्या दमट हवेतून गेलेल्या गाडीच्या टाकीत हे पाणी जास्तच असतं.

ड्रायव्हर: गाडीपेक्षा याच्याकडे दुर्लक्ष होतं. जवानांना पहिल्या टप्प्याच्या उंचीवर (९,००० ते १२,००० फूट) सहा दिवस, पुढच्या दोन टप्प्यांवर चार-चार दिवस थांबवून सरावतात. भाड्याच्या गाडीला एवढी सवड नसते. निदान पहिला मुक्काम सर्चूला (सुमारे १४,००० फूट) करू नका, केलाँग-जिस्पाकडे करा. डोकं दुखतंय, उलटी होतेय असं ड्रायव्हर म्हणाला तर त्याला खाली आणा. गोळी देऊन पुढे पाठवू नका.

९. बर्फाच्या चौकीवर पाण्याची तर चंगळ असेल?

बर्फाची आहे, पाण्याची नाही. उणे २० च्या एक किलो बर्फाचं पिण्याजोगं पाणी करायला साधारण ४२० किलोज्यूल लागतात. स्टोव्हची बरीच उष्णता वाऱ्यावर जाते हे धरलं तर लिटरभर रॉकेलात २५ ते ३० लिटर पाणी होतं. दहा जणांना माणशी सहा लिटर म्हणजे रोज दोन लिटरहून अधिक रॉकेल नुसतं पाण्याला, चहा अजून व्हायचाच आहे. अठरा हजार फुटांवर पाणी ८२ अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, कुकर लागतोच आणि कुकरची रबरी रिंग थंडीत कडक होऊन चिरते. दोन रुपड्यांची ही रिंग मागणीयादीत नसली की चौकीची डाळ कच्ची राहते आणि रॉकेल मात्र दुप्पट जळतं.

१०. वाशी मार्केटचा कांदा-बटाटा तिथं टिकतो का?

उन्हाळ्यात टिकतो. हिवाळ्यात गोठलेला बटाटा उबेत आला की काळा पडतो, पाणी सोडतो. अंडी गोठून तडकतात. लेहच्या आसपास लोक जमिनीत खड्डे करून बटाटे, गाजर, कोबी महिनोन्‌महिने ठेवतात. लष्करही स्थानिक शेतकऱ्यांचा माल घेतं, आणि लेहच्या डीआरडीओ संस्थेनं हरितगृहातल्या भाजीवर बरंच काम केलं आहे. अगदी उंचावर मात्र सुकवलेल्या आणि डबाबंद मालावरच भागवतात. व्यापाऱ्यांसाठी एवढंच: खालून पाठवलेल्या एक किलो बटाट्यात पाऊण किलोहून जास्त पाणीच असतं. ते सतरा हजार फूट चढवायचं का, हा हिशेब करा.

११. आमच्या मंडळाला दिवाळीचा फराळ जवानांना पाठवायचा आहे. कसा पाठवू?

आधी विचारून, मग तळून. ओळखीचा जवान असेल तर त्याच्याकडून पत्ता घ्या. पत्त्यावर नाव, युनिट आणि ‘५६ एपीओ’ किंवा पूर्वेकडे असेल तर ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय) एवढंच येतं. गावाचं नाव घालू नका, ‘सियाचीन’ तर नकोच. ओळख नसेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. पार्सल किमान महिनाभर आधी निघालं पाहिजे.

काय टिकतं: शंकरपाळी, बेसनाचे लाडू, सुकं खोबरं घातलेली करंजी. काय टिकत नाही: ओल्या नारळाचं काहीही. चकली पोचते, पण तुकड्यांत. हवा भरलेली पाकिटं टाळा. लेहला हवेचा दाब इथल्या दोन-तृतीयांश असतो, अठरा हजार फुटांवर निम्मा. पाकीट फुग्यासारखं फुगतं आणि शिवणीवर फाटतं. घट्ट झाकणाचा डबा, आत कागदाचा बोळा, एवढं पुरे. काडेपेटी, लायटर, डिओ पार्सलात टाकू नका, तपासणीत अख्खं पार्सल अडतं.

१२. कोठारात माल असूनही पुढचे लोक उपाशी राहिले, असं होऊ शकतं?

नेहमी होतं. काळ्या समुद्राकाठच्या क्रिमियात, रशियाविरुद्धच्या युद्धात, १८५४-५५ च्या हिवाळ्यात ब्रिटिशांचा माल बालाक्लावा बंदरात पडून होता आणि दहा-बारा किमीवरच्या छावणीत माणसं उपासमारीनं, थंडीनं मरत होती. मधला रस्ता चिखलात गेला होता. गाड्या ओढणारी जनावरं चाऱ्याअभावी मेली होती आणि चाराही बंदरातच अडकला होता. त्याआधी १४ नोव्हेंबरच्या वादळात थंडीच्या कपड्यांनी भरलेलं जहाज बुडालं होतं. शेवटी बंदरापासून छावणीपर्यंत रेल्वे टाकावी लागली.

न्हावा-शेवाला कंटेनर उतरला म्हणजे माल मिळाला असं समजणारे इथंही कमी नाहीत. कोठारातला आकडा आणि चौकीतला आकडा वेगळे मागा. दुसरा मिळत नसेल तर पहिल्याला अर्थ नाही. प्रश्न २ आणि ७ यांच्यासोबत हे वाचा.

१३. शत्रूचा साठा ताब्यात घेऊन भागवता येतं का?

त्या भरवशावर निघालेल्यांची गत वाईट झाली आहे. जपानी सैन्य मार्च १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमावर सुमारे तीन आठवड्यांचा शिधा घेऊन आलं, इंफाळची कोठारं हाती येतील या हिशेबावर. इंफाळ पडलं नाही, तिथल्या वेढलेल्या फौजेला विमानांनी रसद मिळत राहिली. कोहिमासमोरचा जपानी सेनापती साटो वरिष्ठांचा हुकूम मोडून उपाशी माणसं घेऊन माघारी फिरला.

१४. पानिपतातही हेच झालं का?

बऱ्याच अंशी. ऑक्टोबर १७६० अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर. दुआबात (गंगा-यमुनेमधल्या मुलखात) अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तेव्हा बाहेरून मदत करणारा हातच गेला. छावणीत सैनिकांखेरीज यात्रेकरू आणि बुणगे मोठ्या संख्येनं होते, आणि पोट त्यांनाही होतं. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती उपाशी. विश्वासरावांना गोळी लागली त्या क्षणाची चर्चा आपल्याकडे फार होते. धान्याच्या गाड्या यायच्या थांबल्या त्या दिवसाची कमी होते.

१५. आघाडी समुद्रापलीकडे असेल तर?

टप्पे बदलतात, नरसाळं तेच. दक्षिण सुदानमधल्या आपल्या शांतिसैनिकांचं उदाहरण घ्या. त्या देशाला समुद्रकिनारा नाही. जड सामान जहाजानं मोंबासापर्यंत, तिथून रस्त्यानं. पावसाळ्यात तिथले कच्चे रस्ते महिनोन्‌महिने बंद, मग पांढऱ्या नाईलवरचे तराफे किंवा विमान. लडाखला बर्फ, तिथं चिखल. मुदत चुकली की वर्ष गेलं.

१६. आता ड्रोन आलेत. खेचरं जातील का?

काही चौक्यांवर ओझं कमी होईल. पण ड्रोनची बॅटरीही थंडीत मरते आणि त्याचे पंखेही विरळ हवेतच फिरतात. वाऱ्यात खेचर थांबतं, ड्रोन पडतो.

१७. हायवेवर लष्करी ताफा दिसला तर व्हिडिओ टाकायला काय हरकत?

टाकू नका. गाड्यांवरच्या खुणा, संख्या, दिशा आणि वेळ एकत्र केली की कोण, किती आणि कधी हे कळतं. या पानावरही युनिटं, ठिकाणं, तारखा विचारू नका, उत्तर मिळणार नाही.

१८. वरून गाड्या रिकाम्याच परत येतात का? आम्हाला परतीचं भाडं मिळेल?

तुम्हाला वाटतं तेवढ्या रिकाम्या नसतात. प्रश्न ४ मधले १,३५० जेरीकॅन पुढच्या वर्षी पुन्हा भरायचे तर खाली यावे लागतात. बिघडलेले जनरेटर, फाटके तंबू, वापरलेल्या बॅटऱ्या आणि कचराही येतो, कारण हिमनदीवर काही कुजत नाही. रिकामा कॅन हलका पण जागा खाणारा, त्यामुळे वजनानं भाडं ठरवलंत तर तोटा होईल. परतीचा दर फेरीवर ठरवा, कॅनची झाकणं लावून घ्या, आणि मोजणी चढवतानाच दोघांच्या सहीनं करा. उतरवताना निघालेली तूट ड्रायव्हरच्या नावावर पडते.